रुग्ण गावात, संसर्गरोग तज्ज्ञ शहरात: टेलिमेडिसिनचा सल्ला नीट कसा घ्यावा

टेलिमेडिसिन म्हटलं की सगळ्यांचं लक्ष व्हिडिओकडे जातं. नेट आहे का, चेहरा दिसतो का, आवाज तुटतोय का. संसर्गजन्य आजारात मात्र चेहऱ्यापेक्षा तारखा कामाच्या असतात. ताप कोणत्या दिवशी आला, पहिलं अँटिबायोटिक कधी दिलं आणि तपासणीसाठी रक्त त्याच्या आधी घेतलं की नंतर, एवढं हाताशी असेल तर दहा मिनिटांच्या साध्या फोनवरही उपयोगी सल्ला मिळतो. ते नसेल तर तासभर व्हिडिओ चालवूनही तज्ज्ञ शेवटी ‘पेशंटला इकडे घेऊन या’ एवढंच सांगणार, आणि ते बरोबरच असतं.

म्हणून या लेखात ॲप कसं उघडायचं यावर थोडकं लिहिलं आहे. कॉलच्या आधीची तयारी आणि कॉलनंतरचे तीन दिवस यांवर भर आहे. लिहिलंय ते गावातल्या डॉक्टरांसाठी, उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी (सगळे त्यांना सीएचओच म्हणतात) आणि घरात जो कोणी रुग्णाची फाईल सांभाळतो त्याच्यासाठी. नमुने घेणं आणि औषध ठरवणं डॉक्टरांचं काम. पण ते का आणि कधी करायचं हे घरच्यांना माहीत असलं तर बऱ्याच चुका टळतात.

फोन लावायचा की गाडी काढायची

पहिला निर्णय हाच. तो व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, पण त्यासाठी मोजमाप करावं लागतं. नुसतं बघून चालत नाही.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा, घड्याळ समोर ठेवून. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, त्यात हमखास चूक होते. रुग्णाला सांगूही नका, सांगितलं की तो वेगळा श्वास घेतो. नाडी बघतोय असं दाखवून छातीकडे लक्ष ठेवा. ऑक्सिमीटर लावण्याआधी नेलपॉलिश काढा, बोट थंड असेल तर चोळून गरम करा, आणि आकडा अर्धा-एक मिनिट स्थिर झाला की मगच लिहा.

मोठ्या माणसात श्वास मिनिटाला २२ किंवा जास्त, वरचा बीपी १०० किंवा कमी, आणि बोलण्यात गोंधळ किंवा गुंगी, या तीनपैकी दोन गोष्टी दिसल्या तर टेलिमेडिसिनचा विचार बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. ऑक्सिजन ९४ च्या खाली, सहा-आठ तास लघवी नाही, ताप आणि मान आखडलेली, झटका, खोकल्यातून रक्त, अंगावर दाबल्यावर न मिटणारे जांभळट ठिपके, गरोदर बाईला ताप आणि कावीळ, तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप, यापैकी एकच गोष्ट असली तरी तेच. सेप्सिसची (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडायला लागण्याची) शंका असेल तर जवळच्या डॉक्टरांनी निघण्याआधी शक्य तर ब्लड कल्चरचं (रक्तात जंतू वाढतो का ते बघायच्या तपासणीचं) रक्त घ्यावं आणि अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यावा. कल्चरची बाटली शोधण्यात डोस लांबवू नये. तज्ज्ञांशी बोलणं गाडी चालू असतानाही होतं.

कुत्रं चावलं असेल तर कोणाचाही ऑनलाइन सल्ला घेत बसू नका. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि लस, तसंच गरज असेल तर सिरम (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन), यासाठी थेट सरकारी दवाखाना गाठायचा.

टेलिमेडिसिन खरं उपयोगी पडतं ते इथे: रुग्ण स्थिर आहे पण ताप चार-पाच दिवस हटत नाही, टीबीच्या गोळ्या सोसत नाहीत, एचआयव्हीची औषधं चालू असताना दुसरं औषध जोडायचं आहे, लघवीचं कल्चर वारंवार पॉझिटिव्ह येतं आणि प्रत्येक वेळी नवं अँटिबायोटिक लिहून मिळतं, मधुमेही पायाची जखम भरत नाही, हाडाच्या इन्फेक्शनसाठी सहा आठवडे इंजेक्शन चालू आहे आणि दर आठवड्याला शहरात जाणं परवडत नाही.

कोणत्या मार्गाने तज्ज्ञापर्यंत पोचायचं

सरकारी मार्ग म्हणजे ई-संजीवनी. ती मोहालीच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने तयार केली आहे आणि विनामूल्य आहे. तिच्या दोन वाटा आहेत. नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या वाटेत उपकेंद्रातला सीएचओ किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर रुग्णाला समोर बसवून वरच्या डॉक्टरांशी बोलतात. एप्रिल २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत सुरू झालेल्या दुसऱ्या वाटेत रुग्ण घरातूनच मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकून थेट डॉक्टरांशी बोलतो.

तापाच्या रुग्णासाठी पहिलीच वाट धरा, घरी कितीही चांगला फोन असला तरी. उपकेंद्रात कोणीतरी पोट दाबून बघणारं असतं, बीपी घेणारं असतं, मलेरियाची पट्टी तिथल्या तिथे करता येते. पलीकडे सहसा आधी एमबीबीएस किंवा मेडिसिनचे डॉक्टर असतात, संसर्गरोगाचे तज्ज्ञ लगेच मिळत नाहीत. म्हणून सुरुवातीलाच ‘मेडिसिन तज्ज्ञाकडे किंवा संसर्गरोग तज्ज्ञाकडे रेफर हवं आहे’ असं स्पष्ट सांगा आणि कारण एका वाक्यात द्या.

खासगीत थेट अपॉइंटमेंट घेत असाल तर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक वैद्यकीय परिषदेच्या यादीत तपासा. परदेशातल्या मुलामुलींनी आईवडिलांसाठी तिकडच्या ओळखीच्या डॉक्टरांचं मत घ्यायला हरकत नाही, पण भारतात नोंदणी नसलेल्या डॉक्टरांची चिठ्ठी इथे चालत नाही, आणि डेंग्यू आणि लेप्टोच्या (दूषित पाणी-चिखलातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसच्या) मोसमाची त्यांना रोजची सवय असेलच असं नाही.

सगळ्यात भरवशाची पद्धत म्हणजे गावातल्या डॉक्टरांनी तज्ज्ञ डॉक्टरांना विचारणं आणि उपचार गावातच चालवणं. तिचं सगळ्यात माहितीचं उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यू मेक्सिकोत डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये हिपॅटायटिस सी साठी ‘इको’ हा उपक्रम सुरू केला. दूरच्या वस्त्यांमधले डॉक्टर ठरलेल्या वेळी व्हिडिओवर जमून आपापले रुग्ण मांडत आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने स्वतःच उपचार करत. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निकालात विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के आणि या वस्त्यांमध्ये ५८.२ टक्के रुग्णांचा विषाणू गेला होता, म्हणजे फरक नव्हताच. आपल्याकडच्या नियमांतही ही पद्धत बसते: सल्ला दुसऱ्या डॉक्टरांचा असला तरी उपचार आणि त्याची जबाबदारी गावातल्या डॉक्टरांचीच राहते.

तारखांचा कागद

कॉलच्या आधी एक पान लिहून काढा. रिपोर्टांचे वीस फोटो पाठवू नका. तज्ज्ञांना ते उघडून क्रम लावत बसावं लागतं आणि तेवढ्यात वेळ संपतो. पान असं दिसायला हवं (रुग्ण काल्पनिक आहे):

> पुरुष, ४२ वर्षं, वजन ५८ किलो. भातशेती, कणकवली तालुका.
> ताप सुरू १२ जुलै. आज १७ जुलै, तापाचा दिवस ६. थंडी वाजून, संध्याकाळी १०२ पर्यंत.
> लावणीसाठी रोज चिखलात. टाचेला भेगा. घरात दुसऱ्या कोणाला ताप नाही.
> १४ ते १६ जुलै: सेफिक्झिम २०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा. फरक नाही.
> १५ जुलै: मलेरिया पट्टी निगेटिव्ह, डेंग्यू एनएस१ निगेटिव्ह.
> १६ जुलै: प्लेटलेट ९८,०००, पांढऱ्या पेशी ११,२००, क्रिएटिनिन १.६, बिलिरुबिन २.४.
> आज सकाळी ९: ताप १०१, नाडी १०४, बीपी ११०/७०, श्वास २०, ऑक्सिजन ९७. शुद्धीत. काल रात्रीपासून लघवी दोनदाच, थोडी. पोटऱ्या दाबल्या की दुखतात, डोळे लाल.
> मधुमेह नाही. औषधाची ॲलर्जी माहीत नाही. ब्लड कल्चर केलेलं नाही.
> प्रश्न: लेप्टो धरून औषध सुरू करायचं का? किडनीसाठी आजच हलवायचं का?

हे वाचून तज्ज्ञ अर्ध्या मिनिटात कामाला लागतात. क्रिएटिनिन (किडनीचा आकडा) वाढलेलं, लघवी कमी, बिलिरुबिन (काविळीचा आकडा) वाढलेलं, म्हणजे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुधा ‘हो, आजच’ आणि पहिल्याचं ‘निघण्याआधीच सुरू करा’. श्वास आणि बीपी अजून ठीक आहेत, म्हणून वरच्या धोक्याच्या चाळणीत हा रुग्ण सापडला नव्हता. तो सापडला तारखांच्या कागदात.

काही गोष्टी या पानावर हमखास राहून जातात. एक म्हणजे तापाचा दिवस. ताप आला तो दिवस १, असंच मोजायचं. ‘चार-पाच दिवस झाले’ याला अर्थ नाही, कारण डेंग्यूचं एनएस१ (विषाणूचा अंश शोधणारी तपासणी) पहिल्या पाच दिवसांत उपयोगी आणि आयजीएम (शरीराने तयार केलेली प्रतिपिंडं शोधणारी) साधारण पाचव्या दिवसानंतर. लेप्टोचं आयजीएम पहिल्या आठवड्यात निगेटिव्ह येऊ शकतं. चुकीच्या दिवशी केलेली निगेटिव्ह तपासणी ही आजार नसल्याची खूण नव्हे. दुसरं म्हणजे वजन. ते काट्यावर घेतलेलं हवं, अंदाजपंचे नको; टीबीच्या गोळ्यांची संख्यासुद्धा वजनाच्या पट्ट्यावर (किती ते किती किलो) ठरते.

तिसरं, आणि सगळ्यात जास्त लपवलं जाणारं, म्हणजे आधी घेतलेली औषधं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात ‘दोन इंजेक्शनं मारली’ तर ती कोणती हे विचारा. सांगत नसतील तर कुपीचा फोटो मागा. त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. त्याने ताप एक दिवस उतरतो आणि पुढचं सगळं चित्र बिघडतं. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंही ठेवा.

चौथं म्हणजे माणूस काय करतो आणि कुठे जातो. सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला काजूच्या बागेत काम आणि आसपास मेलेली माकडं, असं असेल तर माकडतापाची (गोचिडीतून होणाऱ्या विषाणूच्या तापाची) शंका घ्यावीच लागते; तिथे तो २०१६ पासून दिसतोय आणि पलीकडे गोव्यातल्या सत्तरीत २०१५ पासून. विदर्भात पावसाळ्याअखेर गवत कापणी, गुरं चारणं म्हटलं की स्क्रब टायफस (गवतातल्या चिगर किड्याच्या चाव्याने होणारा ताप). नागपूर भागात २०१८ मध्ये त्याची मोठी साथ होती. गडचिरोलीत राहून आलेला माणूस असेल तर मलेरियाची पट्टी एकदा निगेटिव्ह येऊन भागत नाही. १२ ते २४ तासांच्या अंतराने पुन्हा, एकूण तीनदा बघावं. किनारपट्टीवरच्या मधुमेही माणसाला पावसाळ्यात न्युमोनिया किंवा यकृतात गळू झालं आणि लॅबने ‘स्युडोमोनास’ असं लिहिलं, तर मेलिऑइडोसिस (माती-पाण्यातल्या जंतूने होणारा आजार) तर नाही ना हे लॅबला पुन्हा तपासायला सांगावं. त्याचा जंतू त्या नावाखाली खपून जातो.

नमुने: आधी रक्त, मग औषध

तज्ज्ञाने कितीही हुशारीने विचार केला तरी औषध सुरू झाल्यावर घेतलेल्या कल्चरमध्ये जंतू सापडण्याची शक्यता कमी होते. म्हणून तापाचा तिसरा-चौथा दिवस असेल, मलेरिया-डेंग्यू निगेटिव्ह असेल आणि अँटिबायोटिक सुरू करण्याचं मनात असेल, तर ब्लड कल्चर हीच वेळ. त्यासाठी लॅबवाल्याकडून रिकाम्या बाटल्या आधीच आणून ठेवाव्या लागतात. रुग्ण आल्यावर मागवल्या तर त्या दुसऱ्या दिवशी येतात.

मोठ्या माणसाच्या दोन वेगवेगळ्या हातांतून रक्त घ्या, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली. दोन-तीन मिली रक्त टाकून ‘निगेटिव्ह’ आलेली कल्चरं सर्रास दिसतात. एवढ्या थोड्या रक्तात जंतू सापडण्याची शक्यताच घटते. मुलांमध्ये वजनानुसार १ ते ३ मिली किंवा त्याहून थोडं जास्त. त्वचा क्लोरहेक्झिडिन आणि स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू द्या, पुसल्यावर शीर पुन्हा बोटाने चाचपू नका. बाटलीचं रबरी झाकणही स्पिरिटने पुसा. बाटलीवर नाव, तारीख, वेळ, कोणता हात. आणि ती फ्रीजमध्ये ठेवू नका. हे ठळक सांगावं लागतं, कारण बाकीचे बहुतेक नमुने थंड ठेवायचे असल्यामुळे शिपाई सवयीने तीही आइसबॉक्समध्ये टाकतो. नेहमीच्या खोलीच्या तापमानाला ठेवा आणि त्याच दिवशी, जमेल तितक्या लवकर लॅबला पोचवा. अँटिबायोटिक आधीच सुरू असेल तर पुढच्या डोसच्या अगदी आधी रक्त घ्या.

लघवीचं कल्चर मधल्या धारेचं, दोन तासांत लॅबला. उशीर होणार असेल तर ते मात्र फ्रीजमध्ये. टीबीसाठी थुंकीचे दोन नमुने, त्यातला एक सकाळी उठल्याउठल्याचा, २ ते ५ मिली. लाळ नको, छातीतून आलेला बेडका हवा. तपासणी सीबीनॅट किंवा ट्रूनॅटवर (टीबीच्या जंतूची जनुकं शोधणारी यंत्रं) करून मागा, म्हणजे टीबीचं मुख्य औषध रिफाम्पिसिन लागू पडतं की नाही तेही कळतं.

विडालबद्दल एक शब्द. एकदाच केलेल्या विडालच्या आकड्यावरून टायफॉइड ठरवणं ही आपल्याकडची जुनी खोड आहे. तज्ज्ञ बहुधा त्या ओळीकडे बघतही नाहीत.

फोटो

दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद करून. पुरळ किंवा जखमेचे दोन फोटो: एक लांबून, शरीराचा कोणता भाग आहे हे कळेल असा, आणि एक जवळून, शेजारी पट्टी धरून. चेहरा गरज नसेल तर नको. मधुमेही पायाची जखम दर आठवड्याला त्याच अंतरावरून, त्याच बाजूने टिपा, नाहीतर जखम भरतेय की वाढतेय ते कळत नाही.

एक्सरेची फिल्म खिडकीला धरून फोटो काढला की झाडं आणि कंपाउंडची भिंत फुप्फुसात दिसायला लागते. लॅपटॉपवर कोरं पांढरं पान उघडा, उजेड पूर्ण वाढवा, फिल्म त्यावर टेकवा, खोलीतले दिवे बंद करा आणि सरळ समोरून फोटो घ्या. सीटी-स्कॅनचे फोटो पाठवू नका, सेंटरकडून सीडी किंवा लिंक घ्या.

स्क्रब टायफसच्या शंकेत फोटोआधी शोध घ्यावा लागतो. चिगर किडा चावतो तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा खपलीचा डाग पडतो. तो दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे रुग्णाला माहीतच नसतो. बघायच्या जागा म्हणजे काख, जांघ, स्तनाखाली, नाडी किंवा पट्टा बांधतो ती कंबर, कानामागे, गुडघ्यामागे. बाईला तपासायला बाईच हवी, आणि पडदा हवा. घाईत विचारून ‘नाही’ ऐकलं आणि पुढे गेलो असं करू नका. तो एक डाग सापडला तर तज्ज्ञाचं अर्धं काम होतं. डॉक्सिसायक्लिन सुरू केल्यावर स्क्रबचा ताप सहसा ४८ तासांत उतरतो. ७२ तास झाले तरी उतरला नाही तर निदानाकडे पुन्हा बघायचं.

कॉलवर

रुग्ण, फाईल आणि चालू औषधांचं पाकीट एकाच खोलीत हवं. कागद आणि फोटो किमान अर्धा तास आधी पाठवलेले हवेत. रेंज खराब असेल तर व्हिडिओचा हट्ट सोडून आवाजावर या.

डॉक्टरांनी स्वतःचं नाव आणि नोंदणी सांगणं, रुग्णाचं नाव-वय-पत्ता विचारून खात्री करणं अपेक्षित आहे. रुग्णाने स्वतः कॉल लावला तर संमती गृहीत धरली जाते; सीएचओ, डॉक्टर किंवा घरच्यांनी लावला तर रुग्णाची संमती स्पष्ट घ्यावी लागते, आणि ती नोंदवावी. लहान मुलासोबत मोठं माणूस हवंच.

एचआयव्ही, लैंगिक आजार किंवा टीबीबद्दल बोलायचं असेल तर खोलीतून इतरांना बाहेर पाठवा आणि इअरफोन लावा. कोणाच्या तरी फोनवर, गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये असे रिपोर्ट जाता कामा नयेत. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार काही अपवाद सोडले तर रुग्णाच्या लेखी संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही.

कॉल संपण्याआधी तज्ज्ञांकडून चार उत्तरं घ्या आणि ती परत वाचून दाखवा. आत्ता आपण कोणता आजार धरून चाललोय? औषध, डोस, किती दिवस? कोणता रिपोर्ट आल्यावर हे बदलणार? कोणती खूण दिसली तर थांबायचं नाही, थेट हॉस्पिटल? ‘किती दिवस’ हे विचारायचं राहतं आणि मग पाच दिवसांचं औषध कोणी तीन दिवसांत बंद करतं, कोणी दोन आठवडे ओढतं.

प्लेटलेटचा एकच आकडा पाठवून ‘किती बाटल्या लागतील’ असं विचारू नका. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच जपायचं असतं, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात. तज्ज्ञांना त्या काळातलं हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालं त्याचा आकडा), बीपी, पोटदुखी, वारंवार उलटी, लघवी आणि सुस्ती सांगा. पपईच्या पानांचा रस चालू असेल तर तोही सांगा, उलटी कशाची आहे ते कळतं.

चिठ्ठी आणि मेडिकल

२५ मार्च २०२० ला आलेल्या टेलिमेडिसिनच्या नियमांत औषधांच्या याद्या आहेत. साधी औषधं (पॅरासिटामॉल, ओआरएस) कोणत्याही माध्यमातून देता येतात. काही पहिल्या भेटीत द्यायची तर ती भेट व्हिडिओवरच हवी. काही पाठपुराव्याच्या भेटीतच. समोरासमोर तपासणी झाल्यावर त्याच आजारासाठी सहा महिन्यांच्या आत केलेला कॉल हा पाठपुरावा धरला जातो. शेड्यूल एक्स (कडक नियंत्रणातल्या औषधांची सरकारी यादी) आणि अमली पदार्थ कायद्याखालची औषधं टेलिमेडिसिनवर सहसा मिळत नाहीत. निदान, निदान संभाव्य तरी, लिहिल्याशिवाय औषध देणं हा गैरवर्तनाचा भाग ठरतो. त्यामुळे डॉक्टर ऑनलाइन अँटिबायोटिक द्यायला नाखूश दिसले तर त्याला हे कारण आहे. गावातले डॉक्टर सोबत असले की अडचण सुटते: सल्ला तज्ज्ञांचा, चिठ्ठी गावातल्या डॉक्टरांची.

टीबीची औषधं, मेरोपेनेम, सेफिक्झिम आणि अशी बरीच अँटिबायोटिकं शेड्यूल एच१ मध्ये येतात. त्यांच्यासाठी मेडिकलवाल्याला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टर आणि रुग्णाचं नाव लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. व्हॉट्सॲपवर फक्त औषधाचं नाव टाइप करून आलेला मेसेज तो नाकारणारच. तारीख, डॉक्टरांचं नाव, नोंदणी क्रमांक आणि सही असलेली पीडीएफ मागून घ्या.

पुढचे ७२ तास

टेलिमेडिसिनमध्ये सगळ्यात जास्त घसरतं ते इथे. कॉल छान होतो आणि नंतर कोणीच कोणाला काही कळवत नाही.

घरातला एकच माणूस आणि एकच नंबर ठरवा. रोज सकाळ-संध्याकाळ ताप, नाडी, श्वास, बीपी मिळत असेल तर तो, आणि लघवी किती वेळा, एका ओळीत लिहून पाठवा. ४८ तासांनी पुन्हा बोलायची वेळ पहिल्याच कॉलवर पक्की करा. कल्चरचा पहिला इशारा बहुधा एक-दोन दिवसांत येतो, पूर्ण रिपोर्ट नंतर. लॅबला सांगून ठेवा की पॉझिटिव्ह लागलं की फोन करा, कागदाची वाट बघू नका. अंतिम रिपोर्टमध्ये जंतू आणि कोणतं औषध लागू पडतं ते आलं की तज्ज्ञ बहुधा मोठं अँटिबायोटिक बंद करून साधं देतील. घरच्यांना हे ‘हलकं औषध’ वाटतं. तो बदल करणं म्हणजेच नीट उपचार.

महिनोन्‌महिने चालणारे उपचार

क्षयरोगात दूरचा तज्ज्ञ आणि जवळचं सरकारी केंद्र दोन्ही लागतात. रुग्णाची नोंद निक्षयवर (टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीवर) करणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे, आणि निक्षय आयडी मिळाला की औषधं मोफत आणि पोषणासाठी महिन्याला १००० रुपये (नोव्हेंबर २०२४ पासून, आधी ५०० होते). चौकशीसाठी १८००-११-६६६६. दर महिन्याला वजन घ्या. ५ किलोपेक्षा जास्त फरक पडून पट्टा बदलला तर गोळ्यांची संख्या बदलते, आणि हे फोनवरच्या तज्ज्ञाला कोणी सांगितलं नाही तर कळायचा मार्ग नाही.

लघवी केशरी होते ती रिफाम्पिसिनमुळे, त्याने घाबरू नका. भूक मेली, मळमळ, डोळे पिवळे, तर त्याच दिवशी गोळ्या थांबवून लिव्हरची तपासणी आणि कॉल. दिसायला अंधुक किंवा रंग फिके, तर एथॅम्ब्युटॉलचा विचार. औषधाला न जुमानणाऱ्या टीबीत लिनेझोलिड असेल तर रक्ताची नियमित तपासणी आणि प्रत्येक कॉलला एक प्रश्न: पायाला मुंग्या किंवा बधिरपणा? बेडाक्विलिन असेल तर ईसीजी, आणि त्याचा फोटो नव्हे, क्यूटीसीच्या (हृदयाच्या विद्युत लयीच्या) आकड्यासकट स्कॅन. रिफाम्पिसिन चालू असताना गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा राहत नाही, साखरेच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांचाही परिणाम घटतो. एचआयव्हीचं डोल्युटेग्राविर असेल तर रिफाम्पिसिनसोबत ते ५० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा लागतं. कॅल्शियम, लोह किंवा अँटासिड घ्यायचं असेल तर डोल्युटेग्राविर त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. एचआयव्हीच्या शंकांसाठी १०९७.

घरी इंजेक्शनचं अँटिबायोटिक चालू असेल तर औषधासाठी दंडातून शिरेत घातलेल्या नळीची जागा रोज बघा. लाली, पू, हात सुजणं, किंवा औषध सुरू केल्यावर तासाभरात हुडहुडी भरली तर ते इंजेक्शन तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. ते नळीतून आणि दुसऱ्या हातातून, असं दोन्हीकडून कल्चर घेतील. आठवड्यातून किमान एकदा सीबीसी आणि क्रिएटिनिन. व्हॅन्कोमायसिन किंवा अमिकासिनसारखं असेल तर क्रिएटिनिन दोनदा. रक्त सोमवारी द्यायचं आणि कॉल बुधवारी ठेवायचा, म्हणजे रिपोर्ट समोर असतो. दिवसाला तीन किंवा जास्त पाण्यासारखे जुलाब झाले तर जुलाब बंद करायची गोळी स्वतःच देऊ नका, कळवा.

टीबीची शेवटची गोळी संपली तरी फाईल माळ्यावर टाकू नका. त्यानंतर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी तपासणी असते. चारही तारखा तेव्हाच फाईलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि उपकेंद्राच्या सीएचओंनाही द्या.